सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर

सोमवार, ८ जानेवारी

तेहेतीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं आणि आज मला दुसरीच्या वर्गात बसवलं. बसवलं हाच शब्द बरोबर. खुर्ची एवढी बुटकी आहे की गुडघे हनुवटीला लागतात.

दुसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. शाळेत एकोणीस शिक्षक असताना त्यांच्या जागी मुख्याध्यापिकाबाईंना मीच का दिसलो, हे कळायला फार डोकं लागत नाही. मागच्या पालकसभेत बाई म्हणाल्या, निकाल चाळीस टक्क्यांवरून पन्नासवर गेला, म्हणजे दहा टक्के वाढ. मी उभा राहून म्हणालो, पंचवीस टक्के. वाढ जास्तच निघाली होती, पण बाईंचा चेहरा उतरला तो उतरलाच. आज मात्र प्रसन्न होत्या. "पाया पक्का करायला अनुभवी माणूस लागतो, सर," म्हणाल्या. निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या माणसाला पायाशी नेऊन बसवायचं, हाही एक सत्कारच.

पट एकेचाळीस. अर्ध्यांची नाकं वाहतात. पहिल्या बाकावरच्या एकाला विचारलं, "दहाच्या आधी काय येतं?" तो म्हणाला, "घंटा."

घरी हिला सांगितलं. ही हसली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे घोळ ऐकून हिला कशाचंही हसू येतं.

बुधवार, १० जानेवारी

आज पाट्यांवर दहा संख्या लिहायला सांगितल्या. मी बोलायचं, त्यांनी अंकात लिहायचं. यात कुणाला काही शिकवायची गरज असेल असं मला वाटलं नव्हतं. बऱ्याच जणांचे सहा-सात बरोबर आले. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचे तीन. कोण काय चुकलं ते टिपून ठेवायची मला जुनी सवय आहे, तेव्हा हिचा हा पराक्रम जसाच्या तसा उतरवतो:

सत्तेचाळीस, ७४. त्रेसष्ट, ३६. पंचवीस, ५२. अठ्ठावन्न, ८५. शहाण्णव, ६९. एक्क्याऐंशी, १८. एकोणपन्नासचे चक्क १५, हे कुठून काढलं तिचं तिला ठाऊक. बरोबर आलेले तीन म्हणजे बावीस, चाळीस आणि पंचावन्न. तेही नशिबानं.

मी तिची पाटी वर धरून वर्गाला दाखवली. म्हणालो, "ही पाटी उलटी धरली तर वाचता येईल." वर्ग खदखदून हसला. नववीत माझ्या विनोदांना कुणी हसत नाही. सात वर्षांची मुलं तेवढी रसिक असतात, हे मान्य करावं लागेल.

मुलगी हसली नाही. पाटी परत घेतली आणि फ्रॉकनं पुसून टाकली. पाणी न लावता.

शुक्रवार, १२ जानेवारी

शेजारच्या तिसरीच्या वर्गाला एक बाई आहेत. वय सव्वीस, पर्समध्ये खडू. त्यांनी दशक-एकक शिकवायला एक खेळ काढलाय. खेळ. मुख्याध्यापिकाबाईंनी तो एकदा पाहिला आणि हुकूम सोडला की दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला दुसरी आणि तिसरीनं मिळून हॉलमध्ये खेळायचं. पुढच्या महिन्याच्या सोळा तारखेला शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत, त्यांना दाखवायचं.

मी म्हणालो, आमच्या वेळी आम्ही पाढे पाठ केले आणि त्यातून माणसंच निघाली.

खेळवाल्या बाई म्हणाल्या, "हो सर. जी निघाली ती आपल्याला दिसतात."

उत्तर तयार ठेवून आलेल्या असतात या मुली.

मंगळवार, १६ जानेवारी

खेळ पाहिला.

हॉलच्या फरशीवर खडूनं तीन चौकोन काढलेले. त्यांना घरं म्हणायचं. उजवीकडचं एककाचं, मधलं दशकाचं, डावीकडचं शतकाचं. एका घरात जास्तीत जास्त नऊ जण. दहावा आला की घर फुटतं. मग एककातल्या सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि त्यांच्या बदल्यात एकानं दशकाच्या घरात जायचं. त्याच्या हातात दहा काड्यांची जुडी द्यायची. शतकात जाणाऱ्याच्या हातात दहा जुड्यांचा खोका. दर वेळी एक मूल बाहेर उभं राहतं. तो घरमालक. बाई संख्या म्हणतात आणि घरमालक मुलांना घराघरांत पाठवतो.

म्हणजे तोच पोरगा उजवीकडे उभा असला तर एक, आणि एक पाऊल डावीकडे सरकला की दहा. अंगात काहीही भर पडलेली नाही, नुसती जागा बदलली. आमच्या शाळेत हे मी तेहेतीस वर्षं बघतोय. मुख्याध्यापिकांची खोलीही जिन्याच्या डावीकडेच आहे. त्यासाठी फरशी खराब करायची गरज नव्हती.

गोंगाट इतका झाला की शिपाई दोनदा डोकावून गेला. जुड्यांना बांधलेला दोरा सुटून काड्या हॉलभर पसरल्या. पाऊण तासात सहा संख्या झाल्या. फळ्यावर मी साठ केल्या असत्या.

शुक्रवार, १९ जानेवारी

आज एक गंमत झाली. खेळवाल्या बाईंनी माझ्या त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीला घरमालक केलं. वर्गात तिला आता सगळे 'उलटीपाटी' म्हणतात. नाव चपखल बसलंय. मुलांना अशी नावं ठेवायला कोण शिकवतं कोण जाणे.

बाई म्हणाल्या, "सत्तेचाळीस."

शब्द पुरता व्हायच्या आत उलटीपाटीनं सात जणांना खांद्याला धरून एककात ढकललं, मग चार जणांना जुड्या देऊन दशकात. ज्याला त्याला नेमकं. आमचा मॉनिटर, ज्याचे परवा दहापैकी नऊ आले होते, तो आधी दशकापाशी जातो, मग मागे वळतो, बोटं मोजतो. ही थांबतच नाही. त्रेसष्ट म्हटलं, तीन एककात, सहा दशकात. अठ्ठावन्न म्हटलं, तेच. सगळ्यात जलद तीच.

तास संपल्यावर मी तिला पाटीवर सत्तेचाळीस लिहायला सांगितलं. ७४.

झालं की नाही सिद्ध? खेळात बरोबर, पाटीवर चूक. याचा अर्थ खेळ कुचकामी आहे. मी खेळवाल्या बाईंना तसं सांगितलं. त्या पाटीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तिनं आधी सात लिहिला ना?" मी म्हणालो, तोच तर घोळ आहे. त्या आणखी काही म्हणणार होत्या, पण माझी बस होती.

रविवार, २१ जानेवारी

दिवसभर काड्यांच्या जुड्या बांधल्या. दोऱ्यानं नाही, रबरानं. ऐंशी जुड्या. हीही बसली बरोबर. हिला वाटतं मला खेळ आवडायला लागलाय. मी स्पष्ट सांगितलं की तसं काही नाही. अर्धवट काम मला बघवत नाही, एवढंच. दोऱ्याच्या जुडीत मी नऊ काड्या पाहिल्या आहेत आणि एकीत अकरा. दहा म्हणजे दहा. मूर्खपणा करायचाच तर तो नेमका करावा.

शतकाच्या खोक्यांना झाकणं केली. ती जुन्या बुटांच्या खोक्यांची आहेत.

गुरुवार, २५ जानेवारी

ऑफिसातून एक तक्ता आला. वर्गाबरोबर पुढे जाऊ न शकणाऱ्या मुलांची नावं द्या. त्यांना मागच्या इमारतीत, 'विशेष गटा'त बसवतात. तिथे अठरा मुलं आहेत आणि एक बाई आहेत, ज्या स्वेटर विणतात. तिथून परत या इमारतीत आलेलं मूल माझ्या आठवणीत नाही.

मी एकच नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात: 'संख्याज्ञान नाही.' खाली सही केली. पाच मिनिटांत काम झालं.

खेळवाल्या बाईंनी विचारलं, "तिचं नाव दिलंत?" मी म्हणालो, "दिलं." त्या म्हणाल्या, "मला एकदा विचारायचं होतंत." का म्हणून? वर्ग माझा आहे.

गुरुवार, १ फेब्रुवारी

मुलगी सोमवारपासून आली नाही. पोटात दुखतं असं तिच्या घराशेजारची मुलगी सांगते. या वयात पोटात दुखणं हे सगळ्यात सोपं कारण असतं.

विशेष गटासाठी पालकाची सही लागते, म्हणून आज तिच्या वडिलांना बोलावलं होतं. सुतार आहेत. कानावर पेन्सिल ठेवूनच आले. बोटांच्या पेरांत लाकडाचा भुसा.

मी तक्ता पुढे सरकवला. त्यांनी तो बराच वेळ वाचला.

"संख्याज्ञान नाही म्हणजे काय, सर?"

"म्हणजे आकडे कळत नाहीत."

"पण टेप तर तीच वाचते," ते म्हणाले. "मला आता जवळचं नीट दिसत नाही. फळीला टेप लावली की ती सांगते आणि मी कापतो. चाळीस आणि सात म्हणते, चाळीस आणि सात भरते. एक फळी वाया गेलेली नाही आजवर."

मी म्हणालो, टेपवर आकडे छापलेले असतात. बघून वाचणं वेगळं आणि ऐकून लिहिणं वेगळं. हे त्यांना कळलं असावं किंवा नसावं. त्यांनी मान हलवली.

मग म्हणाले, "तिला वर्गात उलटीपाटी म्हणतात. घरी सांगत नव्हती, परवा झोपेत बरळली तेव्हा कळलं. हे नाव कुणी ठेवलं, सर?"

मी म्हणालो, "मुलं काहीही नावं ठेवतात हो. कोण कुणाला आवरणार."

ते म्हणाले, "मी चौथीत शाळा सोडली. शाळा म्हणते तसंच असेल." आणि कानावरची पेन्सिल काढून सही केली. कारकुनानं पेननं करायला लावली. मग त्यांनी पेन्सिलीच्या सहीवरूनच पेन फिरवलं, एकेक अक्षर, जपून.

माणूस भला आहे. भल्या माणसांशी बोलायला मला नेहमीच जड जातं.

रविवार, ४ फेब्रुवारी

दुपारी चहा घेताना हिला सुताराचं सांगितलं. टेपचं सांगितलं. म्हणालो, बघ, घरच्यांना कौतुक असतं. आणि इकडे सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर.

हिनं कप खाली ठेवला. "मग बरोबरच आहे की."

"काय बरोबर आहे?"

"अहो, सत्तेचाळीस म्हणताना तुम्ही आधी काय म्हणता? सत्ते. मग चाळीस. तिला आधी सात ऐकू येतात, ती आधी सात लिहिते. एक्सचेंजला नवीन लागलेल्या आम्ही सगळ्या पहिला महिनाभर हेच करायचो. घाईत ऐकलं की चौऱ्याहत्तरला फोन लागायचा आणि शिव्या खायला आम्ही. शेवटी आमच्या सुपरवायझरीणबाईंनी सत्तेचाळीस म्हणायलाच बंदी केली. चार, सात, असं सुटं म्हणायचं."

"आणि एकोणपन्नासचे पंधरा?"

"आधी एक म्हणता, मग पन्नास. तिनं एक लिहिला, मग पाच."

मी उठून ही वही काढली आणि दहा तारखेचं पान उघडलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. ७४, ३६, ५२, ८५, ६९, १८, १५. ऐकलं तसं लिहिलेलं. एकदाही चुकून सरळ नाही. बरोबर आलेल्या तिन्हींमध्ये एक तर अंक दोन्हीकडून सारखेच, नाही तर चाळीस, ज्यात चारच्या आधी काही ऐकूच येत नाही.

एका मुलीनं एक नियम धरला होता आणि दहाच्या दहा वेळा पाळला होता. आमच्या दहावीत एवढी शिस्त कुणाला नाही. आणि खेळात ती सगळ्यांत जलद का होती, तेही आत्ता कळलं. आधी ऐकू येतात ते एकक, आणि खेळात एककांना त्यांच्या घरी पाठवायला कुणाची आडकाठी नव्हती.

मी नशिबानं असं लिहिलं होतं. मी गणित शिकवतो.

ही म्हणाली, "चहा गार झाला." मी तसाच प्यायलो.

सोमवार, ५ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. म्हणालो, तक्त्यातलं ते नाव काढायचं आहे.

"कारण लिहून द्या," त्या म्हणाल्या. "यादी साहेबांकडे गेलीय. सोळा तारखेला ते इथे आल्यावर निर्णय घेतील."

मी लिहिलं: 'तांत्रिक कारणास्तव शिफारस मागे घेण्यात येत आहे.' त्यांनी वाचलं आणि कागद परत दिला. "तांत्रिक म्हणजे कोणतं?"

दुसरा लिहिला: 'विद्यार्थिनीच्या आकलनात सुधारणा झाल्यामुळे.' त्यांनी चष्मा काढला. "सर, ती आठवडाभर शाळेतच नाही. सुधारली कुठे?"

भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे, हे तेवढ्यात लक्षात आलं.

तिसरा लिहिला. तो त्यांनी वाचला. पंचनं भोकं पाडून फाईलला लावला. बाईंना हा क्षण किती गोड लागला असेल याची मला कल्पना आहे. चेहऱ्यावर मात्र त्यांनी काही दाखवलं नाही. अशा बाबतीत त्या पक्क्या आहेत.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

मुलगी अजून नाही. साहेब सोळाला येणार आणि मुलगी वर्गात नसेल तर ते फाईलवर सही करून मोकळे होतील. म्हणून शाळा सुटल्यावर सुताराच्या कामाच्या जागी गेलो. पत्ता खेळवाल्या बाईंनी दिला. त्या आधीच दोनदा जाऊन आल्या होत्या. मला बोलल्या नव्हत्या.

एका गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड. आत रंधा चालू होता. मुलगी टेपचं टोक धरून उकिडवी बसली होती. मला पाहिल्यावर म्हणाली, "पोटात दुखतंय."

मी काही विचारलंच नव्हतं.

सुतारांनी रंधा थांबवला, एक स्टूल पुसून पुढे केलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. वाटेत मी चार वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवेना.

"मी चुकलो," मी तिला म्हणालो.

"किती?"

पाट्या तपासताना मी प्रत्येकाला एवढंच विचारतो. किती चुकले? दुसरं काही कधी विचारलंय असं मला आठवत नाही.

"सात," मी म्हणालो. "तुझ्या पाटीवर ज्यांच्यावर फुल्या मारल्या, ते सात."

तिनं जरा विचार केला. "म्हणजे दहापैकी तीन."

"हो."

"कमी आहेत," ती म्हणाली आणि टेप गुंडाळायला लागली.

सुतार खाली बघून भुसा झाडत होते. मी त्यांना म्हणालो, "ते नाव मी ठेवलं. उलटीपाटी. मुलांनी नाही." हे त्यांना त्या दिवशीच सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "माहीत होतं, सर. तिनं सांगितलं होतं." मग म्हणाले, "तुम्ही काय म्हणता ते बघत होतो."

बसमध्ये जागा होती, तरी उभाच राहिलो.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आली. वडिलांनी फाटकापर्यंत सोडलं, माझ्याकडे न बघता गेले.

मधल्या सुट्टीत तिच्या पाटीवर दोन चौकोन काढले. म्हणालो, "सत्तेचाळीस. आधी काय ऐकू आलं?"

"सात."

"ते कुठे राहतात?"

"एककात."

"मग त्यांना तिथे लिही."

तिनं उजव्या चौकोनात ७ लिहिला. मग स्वतःच डावीकडे ४. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं सुट्टे मोजून काउंटरवर ठेवल्यावरही उगीच घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार बघतो. पुढच्या आठ संख्या तिनं मी निम्म्या बोलेपर्यंत लिहिल्या. एकोणपन्नासला अडली. "एक कमी पन्नास" एवढं सांगितल्यावर तीही लिहिली.

पाच मिनिटं. एवढ्यासाठी मी तिला मागच्या इमारतीत पाठवणार होतो. यात शिकवण्यासारखं काही अवघड असतं तर निदान तोंड लपवायला जागा असती.

बाकी वर्ग तिला अजून त्याच नावानं हाक मारतो. मी दोघांना दटावलं. दटावल्यावर ते हळू आवाजात म्हणतात.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

साहेब आले. पोट पुढे, वही बगलेत, मागे एक माणूस नुसता मान हलवायला. हॉलमध्ये सगळा शिक्षकवर्ग भिंतीला टेकून उभा. खेळवाल्या बाई पांढऱ्या पडल्या होत्या. जुड्या माझ्या होत्या, त्यामुळे निदान त्या सुटणार नव्हत्या.

तीन-चार संख्या नीट झाल्या. साहेबांना बहुतेक नीट होणं आवडत नाही. म्हणाले, "आता माझी संख्या. चारशे सात."

मॉनिटर घरमालक होता. त्यानं चौघांना खोके देऊन शतकात उभं केलं, सात जणांना एककात. मधलं घर रिकामं. मग तो मोठ्यानं वाचायला लागला, "चार, सात. सत्तेचाळीस." आणि अडखळला. त्यालाही कळलं काहीतरी बिघडलंय, पण काय ते कळेना. मागून कुणीतरी हसलं.

ती मुलगी रांगेतून बाहेर आली आणि दशकाच्या घरात जाऊन उभी राहिली. हातात जुडी नाही, काही नाही.

"तू कोण?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग तिथे कशाला उभी?"

"घर कुणाचं नसलं तरी घर आहे. मी नसले तर हे चौघं सरकून इथे येतील, आणि मग त्यांचे चाळीसच होतील."

साहेबांनी वहीत बघितलं, नाव विचारलं, पुन्हा वहीत बघितलं. "हीच ती विशेष गटाची? इकडे ये. फळ्यावर सत्तेचाळीस लिही."

ती फळ्यापाशी गेली. आधी ७ लिहिला. डावीकडे बोटभर जागा सोडून. मग त्या जागेत ४.

"उलटं लिहिते ही," साहेब म्हणाले. "आकडे डावीकडून लिहायचे असतात. ठेवू या नाव यादीत. जूनपर्यंत बघू."

माझा आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणालो, "साहेब, ती बरोबर लिहिते. बोलतो आपण उलटं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "शिफारस कुणाची होती?"

"माझी."

"मग?"

तेव्हा मुख्याध्यापिकाबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, शिफारस लेखी मागे घेतलेली आहे, कागद फाईलला आहे. साहेब म्हणाले, वाचा. आणि बाईंनी तो एकोणीस शिक्षक, शिपाई आणि दोन वर्गांसमोर वाचला: 'या विद्यार्थिनीस संख्या कळतात. त्या तिला कळतात, हे मला कळले नाही. शिफारस माझ्या चुकीने झाली आहे. तिच्या आकलनात काहीही उणे नव्हते.' सावकाश वाचला. एक स्वल्पविराम सोडला नाही. पालकसभेचं सगळं उट्टं एका कागदात निघालं.

साहेबांनी खिशातून पेन काढून यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली. त्यांच्यामागचा माणूस मान हलवत होता.

बाहेर पडताना मुख्याध्यापिकाबाई माझ्याजवळून गेल्या. म्हणाल्या, "तिसरा कागद नसता तर मला काही करता आलं नसतं, सर." यातही त्यांचा टोमणा असणार. शोधतोय, अजून सापडला नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी

हजेरी झाल्यावर वर्गापुढे उभा राहिलो. सांगितलं की उलटीपाटी हे नाव मी ठेवलं होतं, ते चूक होतं, आणि आजपासून ते कुणी म्हणायचं नाही. मी मोठ्या शांततेची अपेक्षा केली होती. एकानं विचारलं, आज मंगळवार आहे का. दुसरा म्हणाला, नाव काढून टाकलं तर मग तिला काय म्हणायचं. त्याला तिचं खरं नाव ठाऊकच नव्हतं. वर्गाला हजेरीपुस्तकातून वाचून दाखवलं.

तिला विचारलं, बाक बदलायचा आहे का. तिनं खिडकीजवळचा पहिला बाक घेतला. दप्तर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याशी दोनदा बोलायला गेलो, दोन्ही वेळा 'हो' एवढंच उत्तर आलं. मला वाटलं होतं शुक्रवारनंतर सगळं मिटेल. सात वर्षांच्या मुलीकडून ही अपेक्षा करणं म्हणजे माझंही संख्याज्ञान बेताचंच.

दुसऱ्या तासाला फळ्यावर संख्या लिहून दाखवत होतो. खिडकीजवळचा हात वर झाला.

"सर, तुम्ही एकोणऐंशी म्हणालात."

"बरं मग?"

"लिहिलेत एकोणनव्वद."

वळून पाहिलं. ८९. तेहेतीस वर्षांत असं कितीदा झालं असेल, आणि कुणी हात वर केला नसेल. वर्ग गप्प झाला. सकाळी नव्हता झाला एवढा. चाळीस चेहरे, मी आता काय करतो ते बघत होते.

मी ते पुसलं आणि ७९ लिहिले. "बरोबर?" तिला विचारलं.

तिनं फळ्याकडे पाहिलं, खात्री केली आणि मान खाली घालून आपल्या पाटीवर उतरवून घेतलं.